महाराष्ट्रातील वीजदर आणि ग्राहक-वर्गवारी

महाराष्ट्रात विजेच्या एका युनिटला, म्हणजे एका किलोवॉट-तासाला, एकच भाव नाही. वीज कशासाठी वापरली, कोणत्या दाबावर (व्होल्टेजवर) घेतली आणि किती घेतली यावरून दर ठरतो. त्यातही वापराचे कारण सर्वांत निर्णायक. जागा कोणाच्या मालकीची, याने सहसा फरक पडत नाही. बिलावरच्या ‘दर संकेत’ या रकान्यात ही वर्गवारी छापलेली असते.

हे दर महावितरण स्वतः ठरवत नाही, सरकारही ठरवत नाही. 1999 मध्ये स्थापन झालेला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग जाहीर सुनावणी घेऊन ते मंजूर करतो. राज्य विद्युत मंडळाचे 2005 मध्ये विभाजन झाले आणि वितरण महावितरणकडे आले. मुंबईत बेस्ट, टाटा पॉवर आणि अदानी इलेक्ट्रिसिटी यांचे दर वेगळे असतात. भांडुप-मुलुंड भागात मात्र महावितरण आहे. गोव्यात सरकारचे वीज खातेच वितरण करते आणि तिथले दर संयुक्त विद्युत नियामक आयोग ठरवतो.

ग्राहकांमध्ये भेद कशाच्या आधारे करता येतो, हे विद्युत कायदा 2003 च्या कलम 62(3) मध्ये दिले आहे: भार घटक (कमाल भाराच्या मानाने सरासरी वापर), पॉवर फॅक्टर (खेचलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या भागाचे प्रमाण), दाब, एकूण वापर, वापराची वेळ, भौगोलिक स्थान, पुरवठ्याचे स्वरूप आणि हेतू. उद्योग व दुकानदार सरासरी पुरवठा खर्चापेक्षा जास्त देतात, शेती आणि कमी वापराची घरे कमी देतात. ही क्रॉस सबसिडी. दर सरासरी खर्चाच्या 20 टक्के वर-खाली या पट्ट्यात आणावेत, असे 2006 च्या राष्ट्रीय दर धोरणाने सांगितले होते.

लघुदाब वर्ग

लघुदाबात, म्हणजे कमी व्होल्टेजच्या पुरवठ्यात, घरगुती, वाणिज्यिक, सार्वजनिक पाणीपुरवठा, कृषी, औद्योगिक, पथदिवे, सार्वजनिक सेवा आणि विद्युत वाहन चार्जिंग असे मुख्य वर्ग आहेत. यंत्रमागाला उद्योगात स्वतंत्र उपवर्ग आहे. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या अर्थकारणात त्याचे महत्त्व मोठे.

घरगुती दर टप्प्यांचा असतो: 1 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. 240 युनिट वापरले तर पहिली 100 पहिल्या दराने आणि उरलेली 140 दुसऱ्या दराने मोजली जातात. सगळी 240 महाग दराला जात नाहीत. गडबड होते ती मीटर वाचन चुकल्यावर. तीन महिन्यांचे 420 युनिटचे बिल एकदम आले, तर टप्पेही तिप्पट व्हायला हवेत: 300 युनिट पहिल्या दराने, 120 दुसऱ्या दराने. एकाच महिन्याचे समजून हिशेब केला, तर 200 युनिट दुसऱ्या आणि 120 तिसऱ्या टप्प्यात जातात. असे बिल आले की किती महिन्यांचे आहे ते आधी पाहावे.

घरातून व्यवसाय करणाऱ्यांचे वाद दर घरगुती की वाणिज्यिक यावरून होतात. घराच्या काही भागात व्यवसाय असेल, महिन्याचा वापर 300 युनिटपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षाचा 3600 युनिटपर्यंत असेल, तर आयोगाच्या आदेशांनी घरगुती दर ठेवला आहे. स्वतःच्या घरात काम करणारे वकील, डॉक्टर यांनाही तो लागू होतो, पण नर्सिंग होमला नाही. स्वतःपुरते दळण दळणारी सिंगल फेज घरघंटी घरगुतीतच मोडते. लोकांचे दळण घेणारी पिठाची गिरणी औद्योगिक वर्गात जाते. कडबाकुट्टी किंवा उसाचा चरक स्वतःच्या शेतीसाठी असेल तर कृषी दर मिळतो, पण त्याच जोडणीवर तेलघाणा लावता येत नाही.

मंजूर भार आणि डिमांड

वाणिज्यिक आणि औद्योगिक वर्गांत 20 किलोवॉटची सीमा महत्त्वाची. तिच्या आत स्थिर आकार (वापर कितीही असला तरी लागणारी रक्कम) प्रति जोडणी असतो, वर गेल्यावर प्रति केव्हीए डिमांड चार्ज. डिमांड म्हणजे एका वेळी खेचलेला कमाल भार; तो केव्हीए या एककात मोजतात. एक अश्वशक्ती म्हणजे 0.746 किलोवॉट. 25 अश्वशक्तीची जोडणी 18.65 किलोवॉटवर बसते. 2 अश्वशक्तीची एक मोटर वाढवली की 27 अश्वशक्ती, म्हणजे 20.14 किलोवॉट, आणि बिलाची रचनाच बदलते.

करारातल्या डिमांडपेक्षा जास्त डिमांड नोंदली गेली, तर नेहमीच्या आकाराशिवाय जादा केव्हीएवर 150 टक्के दराने अधिक आकारणी होते. अनेक मोटारी एकदम सुरू करणे हे त्याचे नेहमीचे कारण. उलट, गरजेपेक्षा मोठी डिमांड करारात ठेवली तर न वापरलेल्या क्षमतेचेही पैसे भरावे लागतात, कारण डिमांडच्या आकारणीला किमान मर्यादा असते.

उच्चदाब ग्राहकांचे, म्हणजे जास्त व्होल्टेजवर वीज घेणाऱ्यांचे, बिल 1 एप्रिल 2020 पासून किलोवॉट-तासाऐवजी केव्हीएएच (केव्हीए-तास) मध्ये होते, म्हणून कमी पॉवर फॅक्टर महाग पडतो. 80 किलोवॉटचा भार 0.8 पॉवर फॅक्टरवर 100 केव्हीए घेतो, 0.95 वर सुमारे 84. पॉवर फॅक्टर वाढवण्यासाठी कपॅसिटर लावतात. पण रात्री भार कमी असताना ते सगळे चालू राहिले तर पॉवर फॅक्टर लीडिंग होतो, म्हणजे उलट बाजूला झुकतो, आणि तोही मोजला जातो. म्हणून भाराप्रमाणे कपॅसिटर आपोआप चालू-बंद करणारे एपीएफसी पॅनेलच घ्यावे.

शेती

मीटर नसलेल्या पंपांना दर अश्वशक्तीवर लागतो. या पद्धतीचा दोष गंभीर आहे. वापर अंदाजाने ठरतो आणि गळती व चोरी त्या अंदाजात लपू शकते. पाणी खोल गेले की शेतकरी मोठा पंप बसवतो, कागदावर जुनीच अश्वशक्ती राहते आणि रोहित्र जळते. एप्रिल 2024 पासून 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आहे. म्हणजे बिल संपत नाही, ते सरकार भरते. विद्युत कायद्याच्या कलम 65 प्रमाणे अशी सबसिडी कंपनीला आगाऊ मिळायला हवी.

चुकीचा वर्ग लागल्यास

मंजूर हेतूपेक्षा वेगळा वापर आढळला, तर कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते. असा वापर कधीपासून आहे हे कळत नसेल, तर तपासणीपूर्वीचे 12 महिने धरले जातात. आकारणीच्या आधी निघणाऱ्या तात्पुरत्या आदेशावर ग्राहकाला हरकत घेता येते; ती लेखी द्यावी. अंतिम आदेश 30 दिवसांत येतो. त्यावर 30 दिवसांत कलम 127 खाली अपील, पण आकारलेली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ग्राहक तक्रार निवारण मंच 126 ची प्रकरणे घेत नाही. कंपनीनेच वर्ग चुकवला असेल तर मात्र मंचाकडे जाता येते, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत; मंचाचा निर्णय मान्य नसेल तर पुढे मुंबई किंवा नागपूरचे विद्युत लोकपाल.