प्यूक : रंगाचं नाव, शिवीचा शब्द

शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा’ नाटकाच्या पहिल्या भागात गुत्त्यातला एक प्रसंग आहे. राजपुत्र हॅल तिथल्या फ्रान्सिस नावाच्या पोऱ्याची फिरकी घेतो आणि त्या भरात गुत्त्याच्या मालकाचं ध्यान एका दमात रंगवतो. अंगात चामड्याची बंडी, तिला स्फटिकाची बटणं, बोटात अकीकाची अंगठी आणि पायात ‘प्यूक’ मोजे. आजचा वाचक या मोज्यांपाशी थबकतो, कारण आजच्या इंग्रजीत प्यूक म्हणजे ओकारी.

त्या मोज्यांचा ओकारीशी काडीचाही संबंध नव्हता. प्यूक हे मुळात उंची लोकरी कापडाचं नाव. शब्द आला नेदरलँड्सच्या बाजूने, तिथे उत्तम प्रतीच्या लोकरीला आणि कापडाला तो लावत. पुढे कापडाचं नाव त्याच्या रंगालाही चिकटलं. हा रंग निळसर काळा, दौतीतल्या शाईसारखा. काही जुन्या नोंदींत तो तांबूस करड्याकडून काळ्याकडे झुकतो. 1552 साली इंग्लंडमध्ये लोकरी कापडाबद्दल एक कायदा झाला. कापड कोणकोणत्या रंगांत रंगवावं याची यादीच त्यात आहे, आणि ती वाचताना मन रमतं. सिंहाचा रंग, मेंढीचा रंग, जांभळा, क्रिमसन, आणि त्यांच्याच पंगतीत प्यूक. (यातला क्रिमसन आणि आपला किरमिजी हे एकाच मुळाचे. दोन्ही नावं रंग देणाऱ्या एका किड्यावरून आली.)

ओकारीचा प्यूक वेगळ्याच घरचा. बहुधा ओकताना होणाऱ्या आवाजावरून तो पडला असावा. गंमत म्हणजे हाही शब्द शेक्सपिअरकडेच भेटतो. ‘अ‍ॅज यू लाइक इट’मध्ये माणसाच्या सात अवस्था सांगताना पहिलं येतं ते दाईच्या कुशीत रडणारं, ओकणारं तान्हं बाळ. म्हणजे एकाच नाटककाराच्या लेखणीत दोन्ही प्यूक सुखाने नांदत होते. नंतर ओकारीवाला फोफावला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या लोकांना हिणवून ‘प्यूक’ म्हणत. कवी वॉल्ट व्हिटमनने 1885 साली बोलीभाषेवर लिहिलेल्या लेखात राज्याराज्यांची टोपणनावं दिली आहेत, त्यांत हेही आहे. नकोशा, किळसवाण्या माणसाला उद्देशून हा शब्द अजूनही वापरला जातो.

एकाच उच्चाराचे दोन शब्द कानावर पडले की मेंदू काय करतो? डेव्हिड स्विनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1979 साली एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा, आणि चोरून ऐकण्याचं यंत्रही. लोकांना एका खोलीतल्या कोळ्या-झुरळांचं वाक्य ऐकवलं, त्यात ‘बग’ आला. त्याच क्षणी पडद्यावर एक शब्द दाखवला. ‘मुंगी’ हा शब्द तर त्यांनी झटकन ओळखलाच, पण ‘हेर’ हाही! वाक्यात हेराचा मागमूस नसताना. तीनेक अक्षरं पुढे गेल्यावर विचारलं तर फक्त मुंगी शिल्लक होती. म्हणजे क्षणभर दोन्ही अर्थ जागे होतात आणि मग नको असलेला निजतो. दिल्लीत ‘शिक्षा मंत्रालय’ अशी पाटी दिसली की मराठी माणसाच्या मनात पळभर छडी उगारली जाते, शिक्षण मागाहून येतं. तो अनुभव याच जातीचा.

पण दोन अर्थांतला एक घाणेरडा असेल तर? इथे दुसरा प्रयोग कामाला येतो, आणि तो नेमका रंगांचाच आहे. रंगीत अक्षरांत शब्द छापायचे, शब्द वाचायचा नाही, फक्त शाईचा रंग सांगायचा. 1935 साली जॉन रिडली स्ट्रूपने मांडलेल्या चाचणीचा हा नवा अवतार. डोनाल्ड मॅके आणि सहकाऱ्यांनी 2004 साली त्यात शिव्या आणि अश्लील शब्द घातले. लोक रंग सांगताना अडखळले. पुढे अचानक विचारलं तेव्हा साध्या शब्दांपेक्षा शिव्याच जास्त आठवल्या. असा शब्द लक्ष ओढून घेतो, म्हणून त्याचा रंग सांगायला उशीर होतो.

अशा ओढाताणीत शब्द मरतात, हे भाषाशास्त्राने नकाशावर दाखवून दिलं आहे. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला गॅस्कनीत उच्चार बदलत बदलत कोंबडा आणि मांजर दोघेही ‘गाट’ झाले. शेतकऱ्याच्या घरात हे कसं चालावं! ‘गाटाने गाट खाल्ला’ म्हटलं तर कळायचं काय? लोकांनी मांजराचा गाट ठेवला आणि कोंबड्याला कुठे फेझंट पक्ष्याचं नाव दिलं, कुठे चक्क एका हुद्द्याचं. झूल झिलिएरॉनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच बोलींच्या नकाशांवरून हे उलगडलं. शिवीशी गाठ पडली तर निकाल आणखी लवकर लागतो. अमेरिकनांनी कोंबड्याचा जुना इंग्रजी शब्द टाकून ‘रूस्टर’ धरला तो याच संकोचातून.

प्यूक रंगाच्या मरणाला एकटी ओकारी कारणीभूत होती, असं मात्र मला वाटत नाही. ते कापड विणणं थांबलं, तेव्हाच त्याच्या नावाखालचा आधार गेला. नुसत्या किळसवाण्या अर्थाने रंग मरत नाही, याचा पुरावा प्यूस हा तपकिरी-जांभळा रंग. फ्रेंचमध्ये प्यूस म्हणजे पिसू! इंग्रजी कानाला ती पिसू चावत नाही, म्हणून रंग अजून टिकून आहे. प्यूकचं तसं नव्हतं, त्याचा वैरी घरातच होता. मला हळहळ वाटते ती याची की शाईसारख्या त्या गडद छटेला नेमकं बोलावणारं नाव इंग्रजीने गमावलं.

त्या शब्दाचं डच भावंड मात्र खुशाल आहे. डच भाषेत ‘पाउक’ म्हणजे आजही उत्तम, एक नंबर.