हेडफोनचा छंद: गाण्याचं वेड की यंत्राचं?

हेडफोनच्या शौकिनांना एक टोमणा कायम ऐकावा लागतो. बाकीचे लोक यंत्रावर गाणं ऐकतात, हे गाण्यावर यंत्र ऐकतात. आधी नवा हेडफोन, मग त्याला साजेसा ॲम्प (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर), मग डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाजाचा विद्युत संकेत करणारं यंत्र), मग केबल. आणि हे सगळं पारखायला तीच ठरावीक दहा-बारा गाणी. टोमण्यात तथ्य आहे. मात्र तो आजच्या पिढीपुरता आणि हेडफोनपुरताच मारला जातो, हे चूक आहे. हा तिढा हेडफोन घरोघरी पोचण्याआधीचा आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या डेक्का या तबकड्या काढणाऱ्या कंपनीकडे एक काम आलं, ज्याचा संगीताशी संबंध नव्हता. पाणबुड्यांच्या आवाजातले बारीक फरक ओळखायला शिकवण्यासाठी सरावाच्या तबकड्या हव्या होत्या आणि तेव्हाच्या ध्वनिमुद्रणात ते बारकावे उमटतच नव्हते. डेक्काचे अभियंते आर्थर हॅडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिमुद्रणात उमटणाऱ्या कंप्रतेची (सेकंदाला होणाऱ्या कंपनांची) वरची मर्यादा खूप वाढवली, आणि युद्ध संपताच तेच तंत्र संगीताच्या तबकड्यांना लागू झालं. त्याच सुमारास सैन्यात रेडिओ-रडार हाताळलेले तरुण घरी परतले होते. १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांच्या ॲम्प्लिफायरचा आराखडा छापून आला आणि कितीतरी जणांनी तो घरी बांधायला घेतला. या छंदाची पहिली पिढी सोल्डरिंग करणारी होती. त्या लोकांचा जीव यंत्रात अडकला तर नवल नाही, ते त्यांनी स्वतःच्या हातांनी जोडलं होतं.

पुढची घटना मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑडिओ फेअरमध्ये एमरी कुक या अभियंत्याने एक तबकडी वाजवून दाखवली. तिच्यावर गाणं नव्हतं, वाद्यं नव्हती; होते वाफेच्या रेल्वे इंजिनांचे आवाज. ती ऐकायला गर्दी लोटली. कुकने पुढे वादळाच्या गडगडाटाची तबकडी काढली, भूकंपाच्या नोंदी ऐकू येतील अशा करून त्यांचीही काढली, आणि या तबकड्यांना गिऱ्हाईक मिळालं. घरातल्या स्पीकरमधून इंजिन खोलीत शिरल्यासारखं वाटावं, यातच त्या श्रोत्यांना थरार होता. यंत्रप्रेम संगीताला पूर्णपणे वगळूनही उभं राहू शकतं, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

पण कुकची गोष्ट इथे संपत नाही. हाच माणूस आपली उपकरणं घेऊन कॅरिबियन बेटांवर गेला आणि त्रिनिदादमधल्या कॅलिप्सो या लोकगीत प्रकाराच्या गायकांचं, तेलाच्या पिंपांपासून घडवलेल्या वाद्यांवर वाजवणाऱ्या स्टीलबँडचं ध्वनिमुद्रण करत राहिला. १९९० मध्ये त्याचा संग्रह वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. त्यातलं त्रिनिदादचं संगीत आजही अभ्यासलं जातं. इंजिनाच्या शिट्टीवर जीव टाकणाऱ्या माणसानेच ते टिकवलं. म्हणून ‘गाणं की यंत्र’ अशी दोन टोकं आखून माणसं वाटता येत नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

हेडफोनचा स्वतःचा जन्मही संगीतासाठी झालेला नाही. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या नॅथॅनिएल बाल्डविनने १९१० च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरात हेडफोनचे जोड तयार केले आणि ते विकत घेतले अमेरिकी नौदलाने, बिनतारी संदेश ऐकण्यासाठी. संगीताच्या दिशेने मोठं पाऊल पडलं ते बर्लिनमध्ये. १९३७ मध्ये ऑयगेन बायर यांच्या कंपनीने डीटी ४८ हा डायनॅमिक (चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारा) हेडफोन आणला, पण तोही मुख्यतः व्यावसायिक कामाचा.

घरात बसून संगीत ऐकण्यासाठीचा हेडफोन आला १९५८ मध्ये, मिलवॉकी शहरात. जॉन कॉसचा धंदा होता रुग्णालयातल्या रुग्णांना भाड्याने टीव्ही पुरवण्याचा. त्याला विकायचा होता एक सुटसुटीत स्टीरिओ फोनोग्राफ. शेजाऱ्यांना त्रास न होता ऐकता यावं म्हणून त्याच्या जोडीला हेडफोन बनवला होता. तपकिरी प्लास्टिकच्या दोन वाट्या आणि आत तीन-तीन इंचांचे स्पीकर. प्रदर्शनात लोकांनी फोनोग्राफकडे फारसं लक्ष दिलं नाही आणि हेडफोनभोवती कोंडाळं केलं. स्टीरिओ तबकड्या तेव्हा नुकत्याच बाजारात येत होत्या. डावा-उजवा आवाज स्वच्छ वेगळा ऐकण्याचं कौतुक एवढं होतं की १९५९ मध्ये एनॉक लाइट या अमेरिकी निर्मात्याने ढोल-झांजा एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे उड्या मारतील अशी तबकडी काढली आणि ती पुढे अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली.

स्पीकर आणि हेडफोन यांत एक मूलभूत फरक आहे. स्पीकरला खोली लागते. भिंती, पडदे, छत, बसण्याची जागा, सगळं आवाजात मिसळतं. शिवाय घरातली चार माणसंही तेच ऐकतात. हेडफोनने खोली काढून टाकली आणि सोबतची माणसंही. आता तुलना सोपी झाली: एक काढा, दुसरा चढवा, त्याच सम आणि त्याच तानेवर परत या. यंत्र पारखण्याचा नाद इथे फोफावणार हे ठरलेलंच होतं.

तरी मधली वीस-तीस वर्षं गाण्याचीच होती. सेनहायझर या जर्मन कंपनीच्या १९६८ च्या एचडी ४१४ ने हलका, उघड्या पाठीचा हेडफोन स्वस्तात दिला आणि तो लाखोंनी खपला. १ जुलै १९७९ ला सोनीचा वॉकमन आला. पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन खाचा होत्या, दोघांना मिळून ऐकता यावं म्हणून. त्या वस्तूवर प्रेम करणाऱ्यांना ॲम्पची फिकीर नव्हती, त्यांना कॅसेट हवी होती.

चित्र पालटलं नव्वदच्या दशकात. सेनहायझरने १९९१ मध्ये ऑर्फियस हा स्थिरविद्युत तत्त्वावरचा, स्वतंत्र व्हॉल्व्ह ॲम्पसह येणारा संच काढला, तोही फक्त ३०० नग, मोटारीच्या किमतीला. सगळ्यांच्या आवाक्यातला नसला तरी त्याने शिखर कुठे आहे ते दाखवलं. मग १९९७ चा एचडी ६००. त्याचा रोध ३०० ओहम. खिशातल्या प्लेअरला तो झेपत नसे. वेगळा ॲम्प घ्या किंवा बनवा. पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत मावणारा, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा ॲम्प त्याच सुमारास घरोघरी बांधला जाऊ लागला आणि सोल्डरिंगवाली पिढी पुन्हा अवतरली. दुसरीकडे १९९५ मध्ये जेरी हार्वे या ध्वनितंत्रज्ञाने रॉक ढोलवादक ॲलेक्स व्हॅन हेलनसाठी कानात बसणारे मॉनिटर घडवले. मंचावरच्या गदारोळात आपलं वादन ऐकू यावं ही त्यामागची गरज. आज तीच जात शंभर प्रकारांत विकली जाते.

खर्च वाढत गेला तसा प्रश्नही टोकदार झाला: जास्त पैशांत जास्त संगीत मिळतं का? २००७ मध्ये अमेरिकेत मायर आणि मोरान यांनी उच्च प्रतीचं डिजिटल ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जाला उतरवलेलं, असं आळीपाळीने, कुठलं कुठलं ते न सांगता ऐकवलं. ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरं ४९.८ टक्के, म्हणजे नाणं उडवल्यासारखी. ध्वनियंत्रं बनवणाऱ्या हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी याच पद्धतीने, नाव आणि किंमत लपवून, श्रोत्यांना कुठला आवाज आवडतो ते मोजलं. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनची मोजमापं आणि किमती शेजारी ठेवल्या. कंप्रतेचा प्रतिसाद (कुठला उंच-खालचा स्वर किती जोरात ऐकू येतो ते) आणि किंमत यांचा काही संबंध आढळला नाही. मला हे निकाल दिलासा देणारे वाटतात. मोजक्या पैशांत उत्तम ऐकता येतं, हे आता निव्वळ मत उरलेलं नाही. त्यानंतरही कुणी लाकडी वाटीचा, हाताने शिवलेल्या चामड्याचा हेडफोन घेत असेल तर त्याने खुशाल घ्यावा. घड्याळावर, फाउंटन पेनवर प्रेम करतात तसंच ते कारागिरीवरचं प्रेम आहे. त्याला ‘संगीतासाठी’ असं कारण चिकटवायची गरज नाही.

हरकत मला एकाच ठिकाणी आहे: यंत्र जेव्हा गाणं निवडू लागतं. महागड्या हेडफोनवर जुनं ध्वनिमुद्रण खरखरतं, म्हणून ते यादीतून वगळलं जातं आणि जागा मिळते ती काचेसारख्या स्वच्छ, पण पोकळ तबकड्यांना. मराठी श्रोत्याला हा सौदा फार महाग पडतो. आपल्या गायकीचा मोठा ठेवा तीन-साडेतीन मिनिटांच्या, ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्यांवर आहे. अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या एलपी तबकड्या येण्याआधीच गेले. गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, तीही अशाच एका छोट्या ध्वनिमुद्रणातली. हे सगळं हेडफोनच्या चाचणीत नापास होईल.

आणि नेमकं इथेच यंत्राचं ज्ञान गाण्याच्या कामी येतं. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. सुरेश चांदवणकरांसारख्या भौतिकशास्त्रज्ञाने तिच्यासाठी वर्षानुवर्षं खपून या तबकड्यांचा शोध आणि नोंदी सांभाळल्या. अशा संग्राहकांना सुई, गती आणि झीज यांचं भान ठेवावंच लागतं. एलपीची सुई साधारण २५ मायक्रॉनची किंवा त्याहून बारीक. ७८ च्या रुंद खाचेला ती पुरत नाही, तळाशी घासून खरखर वाढवते. तिथे ७५ मायक्रॉनच्या आसपासची सुई लागते. सुरुवातीच्या तबकड्यांची गती नेमकी ७८ असेलच असंही नाही. ७४ च्या आसपास मुद्रित झालेली तबकडी ७८ वर फिरवली तर काळी एकमध्ये गायलेलं गाणं जवळजवळ पांढरी दोनमध्ये, म्हणजे अर्धा स्वर वर, ऐकू येतं, आणि लयही चढते. गायकाचा मूळ स्वर ठरवायचा असेल तर आधी गती ठरवावी लागते. शिवाय या तबकड्यांत आवाज खाचेच्या आडव्या हालचालीत असतो. स्टीरिओ पिकअपने (सुईची हालचाल विजेत बदलणाऱ्या भागाने) वाजवल्यास खाचेच्या दोन भिंती दोन कानांत वेगळ्या येतात. हेडफोन लावून त्या एकेक तपासायच्या: दोन्ही सारख्या असतील तर एकत्र करायच्या, म्हणजे वर-खाली हालचालीची खरखर कटते; एक भिंत जास्त झिजली असेल तर तिला सोडून फक्त दुसरी घ्यायची.