मोडलेला कान आणि न दिसणारी सूज

कोल्हापुरात पैलवान ओळखायला छाती बघावी लागत नाही, कान बघितला की पुरतं. कुस्तीत कान चेपून आत रक्त साकळतं, सूज चढते, आणि ते वेळेत काढलं नाही तर कान कायमचा मुडपतो. तालमीत हा मोडलेला कान मिरवायची चीज. पण ताजा असताना तो लाल, गरम, फुगलेला आणि ठणकणारा असतो. नेमक्या याच चार खुणा रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात नोंदवल्या होत्या. आपल्याकडे सुश्रुताने व्रणशोथाच्या, म्हणजे गळवाच्या सुजेच्या, आम (कच्ची), पच्यमान (पिकत असलेली) आणि पक्व (पिकलेली) अशा तीन अवस्था सांगितल्या. कच्चं गळू कापणारा आणि पिकलेलं तसंच सोडणारा, असे दोन्ही वैद्य त्याने एकाच माळेचे मणी ठरवले.

ही सगळी डोळ्यांना दिसणारी सूज झाली. आज डॉक्टर ज्या ‘क्रॉनिक इन्फ्लमेशन’बद्दल बोलतात ते दिसत नाही, दुखतही नाही, आणि वर्षानुवर्षं मंद धुमसत राहतं. त्याला मराठीत धड शब्द नाही. जीर्ण दाह म्हणावं तर लोकांना पित्त आठवतं, सूज म्हणावं तर पेशंट पाय दाबून बघतो.

दिसणाऱ्या सुजेकडून न दिसणाऱ्या सुजेकडे यायला दीडशे वर्षं लागली. 1867 मध्ये जर्मनीत कोनहाइम या डॉक्टरने बेडकावर प्रयोग करून, पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून जखमेकडे जाताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. 1882 मध्ये इटलीतल्या मेसिनाला घरचे सर्कस बघायला गेले असताना रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफने ताऱ्यामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला होता. सूज हा रोग नसून शरीराने केलेली चढाई आहे, ही समज तिथून पक्की होत गेली. 1908 चं नोबेल त्याला मिळालं. पण काटा निघाला तरी फौज माघारी फिरली नाही तर काय, हा प्रश्न बराच काळ मागे राहिला.

तो प्रश्न पुढे आणला एका रक्तचाचणीने. 1930 मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात टिलेट आणि फ्रान्सिस यांना सुजेबरोबर वाढणारं एक प्रथिन सापडलं, सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी. आमच्या गावात या नावाने वेगळाच घोळ होतो, कारण इथलं मोठं सरकारी रुग्णालय म्हणजे सीपीआर. डॉक्टरांनी “सीआरपी करून घ्या” म्हटलं की “एवढं वाढलंय व्हय? सीपीआरला न्यायला लागतंय?” असं विचारणारा नातेवाईक भेटतोच. मोठा जंतुसंसर्ग असला की सीआरपीचा आकडा लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या पुढे जातो. 1997 मध्ये अमेरिकेतल्या रिडकर यांच्या गटाने दाखवलं की वरवर धडधाकट पुरुषांत तो किंचित वाढलेला असला तरी पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो. हृदयासाठीच्या अतिसंवेदनशील चाचणीत लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर गेलं की धोका जास्त धरतात. सर्दी-खोकल्यात ही चाचणी केली तर पैसे वाया.

मग हा विस्तव पेटवतं कोण? 1993 मध्ये लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ हे सूज वाढवणारं रसायन सापडलं आणि चरबी म्हणजे नुसती साठवण हा समज गेला. पोटातली चरबी स्वतःच सुजेचे निरोप धाडते. आपल्यासाठी हे जास्त गंभीर आहे. 2004 मध्ये पुण्याच्या डॉ. याज्ञिक यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. बारीक दिसतो म्हणून सुटलो, असं आपल्याला म्हणता येत नाही.

उपायाचा विषय निघाला की हळद येतेच. तालमीच्या लाल मातीत हळद, ताक, लिंबू, तेल मुरवतात आणि सांगलीची पेठ हाकेवर. 1995 मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं. डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने दाखले पुढे करून 1997 मध्ये ते रद्द करवलं. अभिमान रास्तच. पण हळकुंडात करक्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य गुणकारी द्रव्य, असतं तीनेक टक्के, आणि त्यातलंही आतड्यातून रक्तात फार थोडं उतरतं. जखमेवर दाबलेली हळद आणि रात्रीचं हळदीचं दूध यांना एका तराजूत घालू नये. माझ्या मते तंबाखूची मिश्री सोडणं, हिरड्या सांभाळणं, झोप पुरी करणं आणि पोटाचा घेर उतरेपर्यंत रोज रंकाळ्याला फेरी मारणं यात जास्त दम आहे. सांधे सुजवणारा संधिवात मात्र तेवढ्याने बरा होत नाही, त्याला औषधं लागतातच.

औषधांनी ही सूज दाबली तर हार्ट ॲटॅक टळतात का, याचं उत्तर 2017 मध्ये मिळालं. सुमारे दहा हजार रुग्णांवरच्या कँटोस नावाच्या औषध-चाचणीत एका इंजेक्शनने कोलेस्टेरॉलला हात न लावता, फक्त सूज कमी करून, हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू मिळून जवळपास 15 टक्क्यांनी घटले. मात्र जंतुसंसर्गाने दगावणारे वाढले. फौजच घरी पाठवली की वेशीवर राखण कोण करणार? आणि ते इंजेक्शनही भलतंच महाग होतं.

म्हणून नजर वळली एका स्वस्त, जुन्या गोळीकडे. अंगठा लाल होऊन ठणकणाऱ्या गाऊटसाठी दिलं जाणारं कोल्चिसिन अल्प मात्रेत हृदयरुग्णांना उपयोगी पडतं, असं 2019 आणि 2020 च्या मोठ्या चाचण्यांत दिसलं, आणि 2023 मध्ये अमेरिकेत त्याला या कामासाठी मान्यता मिळाली. हे द्रव्य कळलावीतही असतं. पावसाळ्यात घाटमाथ्याच्या झाडोऱ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते ती. तिचा कंद पोटात गेला तर माणूस दगावतो, त्यामुळे फूल बघावं आणि पुढे चालावं.