चित्रपट वितरण (पुणे)

तयार चित्रपट निर्मात्याकडून थिएटरपर्यंत नेण्याचा आणि तिकिटाचा पैसा उलट दिशेने आणण्याचा व्यवहार. या धंद्यात देशाची वाटणी राज्यांप्रमाणे न होता ‘टेरिटरी’प्रमाणे होते. पुणे मुंबई टेरिटरीत मोडते, विदर्भ सीपी-बेरारमध्ये (म्हणजे जुना मध्य प्रांत व वऱ्हाड) आणि मराठवाडा निजाममध्ये. निजामी गेली, पण वितरकाच्या वहीत ती अजून शाबूत आहे.

प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली. स्टुडिओ उभारलाच, शिवाय अप्पा बळवंत चौकातले किबे यांचे थिएटर चालवायला घेतले. तेच पुढे प्रभात टॉकीज म्हणून ओळखले गेले. निर्मिती आणि पडदा असे एका हाती असणे ही चैन आजच्या मराठी निर्मात्याला नाही.

पूर्वी वितरक ‘एमजी’, म्हणजे किमान हमीची रक्कम, मोजून हक्क घेई. चित्रपट पडला तर खड्डा त्याला, चालला तर वसुलीनंतरच्या ‘ओव्हरफ्लो’त दोघांचा वाटा. कमिशनच्या व्यवहारात, म्हणजे वितरक फक्त ठरलेली टक्केवारी घेतो तेव्हा, मात्र पब्लिसिटीचा खर्च आणि जोखीम निर्मात्याच्याच गळ्यात राहते. एकपडदा थिएटर आठवड्याचे भाडे घेते, नाहीतर टक्केवारी.

मल्टिप्लेक्सचे गणित २००९ च्या निर्माता-मल्टिप्लेक्स वादानंतर बसले. वितरकाला पहिल्या आठवड्यात नेट, म्हणजे कर वजा जाता उरलेल्या, उत्पन्नाचे ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. कोथरूडला कोणी २०० रुपयांचे तिकीट काढले, तर १८ टक्के जीएसटी वजा जाता नेट उरते सुमारे १६९. पहिल्या आठवड्यात वितरकाचा शेअर ८५ च्या आसपास. त्यातून कमिशन, जाहिरात आणि डिजिटल प्रोजेक्शनची फी वळती झाल्यावर उरेल ते निर्मात्याचे. जाहिरातीत झळकणारे ‘कोटी’ बहुधा ग्रॉस, म्हणजे कर वजा करण्याआधीचे, असतात, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. पॉपकॉर्नचा गल्ला तर पूर्णपणे थिएटरचाच.

खरी झुंज टक्क्यांपेक्षा शोच्या वेळेची. घट्ट पाय रोवायला मराठी चित्रपटाला तोंडी प्रसिद्धी लागते, आणि ती पसरायला दिवस लागतात. शुक्रवारी सकाळचा अडनिडा शो रिकामा गेला की सोमवारपासून शो उतरू लागतात. शनिवार-रविवारी पाहून आलेल्याने शेजाऱ्याला सांगेपर्यंत सोयीची वेळच उरत नाही. म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समधल्या मराठी चित्रपटांसाठी दुपारी १२ ते रात्री ९ हा ‘प्राइम टाइम’ ठरवला. दुपारी १२ ची वेळही त्यात बसते, आणि कामाच्या दिवशी नोकरदार पुणेकर तेव्हा थिएटरात नसतो.

सॅटेलाइट (म्हणजे टीव्ही वाहिन्यांचे) आणि ओटीटीचे हक्क वेगळे विकले जातात.