बॅकअप आहे, पण सोमवारी बिल निघेल का?

आमच्या देखभाल करारातल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सर्व्हर बंद पडला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "काळजी नाही, बॅकअप आहे." मग प्रश्न सुरू होतात. बॅकअप कुठे आहे? कधीचा आहे? चढवायचा कशावर? टॅलीचं लायसन्स कुणाच्या ईमेलवर आहे? डिस्क दुरुस्त करण्यापेक्षा या चार उत्तरांच्या शोधातच जास्त वेळ जातो. पाच ते पंचवीस कॉम्प्युटर, एक सर्व्हर, टॅली आणि एसक्यूएल या डेटाबेसवर चालणारं बिलिंग सॉफ्टवेअर अशी मांडणी असलेल्या व्यवसायांसाठी हे पत्रक आहे.

आधी दोन आकडे

पहिला आकडा 'मागे किती': बिघाड झाला तर किती तासांची नोंद पुन्हा हाताने भरायची तुमची तयारी आहे? दुसरा 'बंद किती': काम किती वेळ थांबलं तर चालेल? आमच्या धंद्यात यांना आरपीओ आणि आरटीओ म्हणतात. पण आरटीओ म्हटलं की सगळ्यांना गाडीचं पासिंग आठवतं, म्हणून इथे मराठी नावंच वापरली आहेत.

दोन्ही आकडे मालकांनी ठरवायचे, आम्ही नाही. विचारल्यावर पहिलं उत्तर हमखास 'शून्य' येतं. शून्य म्हणजे दुसरा सर्व्हर कायम चालू ठेवायचा आणि त्याचा खर्च दरमहा सोसायचा. प्रत्येक कामाला त्याची गरज नसते. काउंटरचं बिलिंग चार तासांत उभं राहायला हवं, पगारपत्रक दोन दिवस थांबू शकतं, जुनी ड्रॉइंग आठवडाभर नसली तरी कुणाचं अडत नाही. रात्री एकदाच बॅकअप होत असेल आणि डिस्क संध्याकाळी सहाला गेली, तर पूर्ण दिवसाची बिलं गेली. दिवसाला दहा बिलं असतील तर ती पुन्हा भरता येतील. तीनशे असतील तर दुपारीही एक बॅकअप लावावा लागेल.

'बंद किती' हा आकडा इंटरनेटच्या वेगाशी ताडून पाहा. 1 टीबी डेटा क्लाउडवरून 100 एमबीपीएसच्या लाइनवर उतरवायला, वेग पूर्णवेळ मिळाला तरी, 22 तास लागतात. तोच डेटा यूएसबी 3 डिस्कवरून सेकंदाला 100 एमबीच्या वेगाने तीन तासांत येतो. म्हणून क्लाउड आग आणि पुरासाठी, जवळची डिस्क रोजच्या बिघाडासाठी. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

प्रती किती आणि कुठे

नियम जुनाच: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक प्रत इमारतीबाहेर. पण या नियमात काय मोजायचं नाही, हेही समजून घ्या.

सर्व्हरमधल्या मिरर डिस्क मोजायच्या नाहीत. त्या एक डिस्क जळाली तर काम चालू ठेवतात; कुणी फोल्डर उडवला तर तो दोन्हीकडून एकाच क्षणी उडतो. गुगल ड्राइव्हसारखं सिंकही मोजायचं नाही. फाइल बिघडली की बिघडलेली फाइलच वर जाते, आणि कचऱ्यात टाकलेली फाइल 30 दिवसांनी कायमची पुसली जाते.

'इमारतीबाहेर' म्हणजे पुराच्या पाण्याबाहेर. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं, 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं चिपळूणच्या. दुकान आणि घर एकाच पूररेषेत असेल, तर डिस्क घरी नेणं म्हणजे ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ठेवणं. पाहुण्यांकडे दुसऱ्या गावी, बँकेच्या वरच्या मजल्यावरच्या लॉकरमध्ये किंवा क्लाउडवर ठेवा. सर्व्हर आणि यूपीएस जमिनीवर ठेवू नका; भिंतीवरच्या रॅकला फार खर्च येत नाही.

तिन्हींपैकी एक प्रत तारेला जोडलेली नको. जून 2017 मध्ये नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर ठप्प केली; आपल्या जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनलही त्यात अडकलं. सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारे त्यांचे सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत होते, त्यामुळे सगळे एकदमच पुसले गेले. घानामधल्या ऑफिसात वीज गेली होती, म्हणून तिथला एक सर्व्हर बंद राहिला आणि वाचला. त्याच्यावरून पुढची उभारणी झाली. भारनियमनाचा असा उपयोग सहसा होत नाही, तेव्हा डिस्क स्वतः काढून ठेवा.

यासाठी दोन डिस्क आलटून पालटून वापरा. 'अ' जोडलेली असताना 'ब' बाहेरगावी. दर शुक्रवारी बदल. नॅस (नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांना दिसणारी साठवण) वापरत असाल तर बॅकअपच्या फोल्डरसाठी वेगळं खातं ठेवा आणि त्याचा पासवर्ड एकाही विंडोज कॉम्प्युटरवर सेव्ह करू नका. कॉम्प्युटरला जे फोल्डर ड्राइव्ह म्हणून दिसतं, ते रॅन्समवेअरलाही (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या व्हायरसला) दिसतं.

बॅकअप फसतो तो इथे

डेटाबेस चालू असताना त्याची एमडीएफ फाइल कॉपी होत नाही. ती एसक्यूएलने धरून ठेवलेली असते. कॉपी करणारं सॉफ्टवेअर ती फाइल वगळून 'पूर्ण झालं' असंही दाखवू शकतं. एसक्यूएलच्याच आज्ञेने बीएके, म्हणजे बॅकअपची, फाइल काढावी लागते. मोफतच्या एक्सप्रेस आवृत्तीत वेळापत्रक लावणारा एजंट नसतो, म्हणून ते काम विंडोजच्या टास्क शेड्युलरवर टाकावं लागतं. तो टास्क ज्याच्या लॉगिनवर लावला, त्याचा पासवर्ड बदलला की बॅकअप गुपचूप थांबतो. शिवाय नव्या आवृत्तीतली बीएके फाइल जुन्या एसक्यूएलवर चढत नाही. बदली मशीनवर कोणती आवृत्ती आहे ते आधीच पाहा.

टॅलीमध्ये एंट्री चालू असताना डेटा फोल्डरची कॉपी घेऊ नका. अर्धवट लिहिलेल्या फाइल येतात आणि कंपनी उघडताना बिघाड दिसतो.

बॅकअप झाल्याचा ईमेल येतो यावर विसंबू नका; फसल्याचा ईमेल न येण्याची शक्यता धरून चाला. जानेवारी 2017 मध्ये गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा कळलं की रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हता, आणि त्याचे इशारे देणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सुदैवाने सहा तासांपूर्वी सहज काढलेली एक प्रत हाती लागली. तुमच्याकडे रोज सकाळी एकाने बॅकअप फाइलची तारीख आणि आकार वहीत लिहावा. काल 4 जीबी आणि आज 12 एमबी असेल, तर लगेच फोन करा.

रोजच्या सात, आठवड्याच्या चार, महिन्याच्या बारा आणि दर 31 मार्चनंतरची एक, इतक्या प्रती ठेवा. बिघडलेलं खातं बऱ्याचदा महिन्याभराने लक्षात येतं. तोवर फक्त सात दिवसांच्या प्रती असतील तर सगळ्या बिघडलेल्याच निघतात. कंपनी कायद्याखाली नोंद असेल तर हिशेब आठ वर्षं जपायचे आणि त्यांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा, हे बंधनकारक आहे.

बॅकअपमध्ये न बसणाऱ्या गोष्टी

डिजिटल सहीचा यूएसबी टोकन कॉपी होत नाही. हरवला तर नवाच घ्यावा लागतो. जीएसटीचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? टॅलीचं लायसन्स नव्या मशीनवर सुरू करायला नोंदवलेला ईमेल उघडावा लागतो, आणि तो तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघतो. विंडोजने डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असेल, तर 48 अंकी किल्लीशिवाय ती दुसऱ्या मशीनवर वाचता येत नाही. या सगळ्यांची, डोमेन आणि ईमेलच्या मुख्य पासवर्डसह, एका कागदावर नोंद करा, दोन पाकिटांत सील करा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी कागद बदलायचा.

कॉम्प्युटर नसताना काउंटर

वेगळी क्रममालिका असलेलं छापील बिलबुक तयार ठेवा, म्हणजे यंत्रणा सुरू झाल्यावर नंबर एकमेकांत मिसळत नाहीत. ई-इन्व्हॉइस लागू असेल तर नुसतं बिलबुक पुरत नाही. मोबाइलच्या इंटरनेटवरून पोर्टलवर आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) घ्यावा लागेल, म्हणून ते लॉगिनही पाकिटात हवं. येणं बाकीची यादी आणि दरपत्रक रोज संध्याकाळी पीडीएफ करून मालकांच्या फोनवर पाठवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण उधारीवर माल द्यायचा की नाही ते त्यावरूनच ठरतं.

यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते. लेझर प्रिंटर त्याला जोडू नका. त्याचा हीटर एकदम मोठा भार घेतो आणि सर्व्हरही बंद पडतो. यूपीएससोबत आलेली यूएसबी केबल सर्व्हरला लावा. ती सहसा खोक्यातच राहते. लावली आणि सेटिंग केलं, तर वीज गेल्यावर सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो.

पहिला तास

फाइलींची नावं बदललेली दिसली किंवा पैशांची मागणी स्क्रीनवर आली, तर नेटवर्कची केबल काढा आणि वायफाय बंद करा. मशीन रीस्टार्ट करू नका, स्क्रीनचा फोटो घ्या. बॅकअपची डिस्क तपासण्यासाठीसुद्धा जोडू नका. अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवायची असते. खात्यातून पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा.

पाणी चढत असेल तर मेन स्विच बंद करा, मगच वायरींना हात लावा. भिजलेली डिस्क चालू करून पाहू नका, उन्हात वाळवू नका, तांदळात तर मुळीच पुरू नका. पाणी वाळलं की गाळ प्लेटवर चिकटतो. ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीच्या लॅबला द्या.

तीन महिन्यांतून एकदा चढवून पाहा

बॅकअप दुसऱ्या, रिकाम्या मशीनवर चढवायचा. चालू सर्व्हरवर नाही. सरावातच खरा डेटा पुसला जाऊ शकतो. मग ट्रायल बॅलन्स आणि शेवटचा बिल नंबर मूळ यंत्रणेशी जुळवायचा, एक बिल छापायचं आणि घड्याळ पाहायचं. चार तास ठरवले होते आणि नऊ लागले, तर आकडा बदला किंवा व्यवस्था.

हा सराव आम्ही तिमाही भेटीत तुमच्या माणसाकडून करून घेतो. तारीख कळवताना महिन्याची 11 आणि 20 टाळा; त्या दिवशी अकाउंटंट जीएसटीच्या रिटर्नमध्ये असतात.