भिंत न तोडता सैल करणारी प्रथिने

वनस्पतीच्या पेशीत पाण्याचा दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या कितीतरी पट असतो. पेशी फुटत नाही ती बाहेरच्या सेल्युलोजच्या चिवट भिंतीमुळे. पण मग ती वाढते कशी? भिंत तोडावी तर पेशी फुटणार, न तोडावी तर आहे तेवढीच राहणार.

याचा उलगडा काकडीच्या रोपाने केला. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठातल्या डॅनियल कॉसग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेत नुकत्याच रुजलेल्या काकडीच्या कोंबाचे तुकडे गोठवून मारले, चिमट्यात धरले आणि ताण दिला. सौम्य आम्लात ठेवताच हे मेलेले तुकडेही लांबू लागले! उकळून काढले, की लांबणे बंद. मात्र वाढत्या कोंबांच्या भिंतींतून काढलेली प्रथिने त्यांच्यावर घातली, की पुन्हा सुरू. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेले हे संशोधन मला फार आवडते, कारण एवढ्या मोठ्या प्रश्नाला सामग्री किती साधी लागली!

या प्रथिनांना एक्सपान्सिन म्हणतात. गंमत म्हणजे ती भिंतीतले काहीच कापत नाहीत. सेल्युलोजचे धागे जिथे एकमेकांना चिकटलेले असतात तिथली पकड ती सैल करतात. धागे सरकतात आणि आतला दाब पेशीला फुगवतो. लागणारे आम्ल पेशी स्वतःच भिंतीत सोडते, ऑक्सिन या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर.

एक्सपान्सिनचा जनुक एकच नाही. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या चिमुकल्या रोपात असे ३६ जनुक आहेत, भातात त्याहून जास्त. कुठला मुळावरच्या केसांत चालू होतो, कुठला फळात. टोमॅटोत तर फळ पिकतानाच जागा होणारा एक जनुक आहे. तो दाबून टाकलेल्या रोपांची फळे पिकूनही टणक राहिली. उलट तो जास्त चालवला, तेव्हा हिरवी फळेसुद्धा मऊ पडली.

गवतांनी हेच प्रथिन परागकणांत भरून ठेवले आहे. परागनलिकेला स्त्रीकेसरातून वाट काढायची, तर तिथल्या भिंती सैल व्हायला हव्यात. पण हेच परागकण आपल्या नाकात गेले, की काहींना शिंका सुरू होतात. गणपतीला वाहतो त्या दूर्वांच्या, म्हणजे हरळीच्या, परागातला एक प्रमुख ॲलर्जीकारक घटक याच कुळातले प्रथिन आहे.