एफआर-१ आणि एफआर-२: रेडिओ झोतांचे दोन वर्ग

सक्रिय दीर्घिकेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराच्या निकटून विरुद्ध दिशांना निघणारे द्रव्याचे झोत रेडिओ नकाशांवर ढोबळमानाने दोन प्रकारचे दिसतात आणि या प्रकारांची वारंवार गल्लत होते. १९७४ साली बर्नार्ड फानारॉफ आणि जुलिया रायली यांनी ५७ रेडिओ स्रोत तपासून एक साधी कसोटी मांडली (वर्गांच्या नावातले ‘एफआर’ ही त्यांच्याच आडनावांची आद्याक्षरे): केंद्राच्या दोन बाजूंच्या सर्वांत तेजस्वी भागांमधले अंतर स्रोताच्या एकूण लांबीच्या निम्म्याहून कमी असेल तर एफआर-१, जास्त असेल तर एफआर-२.

३सी ३१ हा रेडिओ स्रोत पहिल्या वर्गाचा उत्तम नमुना आहे. त्याचे झोत केंद्राजवळ ठळक असतात. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने निघालेला प्रवाह दीर्घिकेच्या आतच भोवतालचा वायू ओढून घेत मंदावतो आणि पुढे उदबत्तीच्या धुरासारखा वळत, पसरत फिका होत जातो. सिग्नस ए या दुसऱ्या वर्गाच्या स्रोतामध्ये मात्र झोत शेवटपर्यंत अरुंद आणि वेगवान राहून केंद्रापासून सुमारे दोन लाख प्रकाशवर्षांवर भोवतालच्या विरळ वायूवर आदळतो. आघाताच्या जागी लखलखीत ठिपका (हॉटस्पॉट) तयार होतो आणि तिथून माघारी वळलेले द्रव्य दोन्ही बाजूंच्या कानाच्या पाळीसारखे प्रचंड फुगीर भाग (लोब) फुगवते. सिग्नस ए चे उत्सर्जन असे दोन भागांत विभागलेले आहे, हे रॉजर जेनिसन आणि आपले मृणाल कुमार दास गुप्ता यांनी १९५३ मध्येच, झोतांची कल्पना रुजण्यापूर्वी, दाखवले होते.

एफआर-२ म्हणजे शक्तिशाली आणि एफआर-१ म्हणजे दुबळा, हे समीकरण मात्र जपून वापरावे. मूळ ५७ स्रोतांत दोन्ही वर्ग तेजस्वितेनुसार बऱ्यापैकी वेगळे पडले होते, हे खरे. पण वर्ग ठरतो तो रचनेवरून, आणि युरोपातील लोफार या रेडिओ दुर्बिणीच्या सर्वेक्षणात मंद तेजाचे एफआर-२ स्रोतही मोठ्या संख्येने सापडले आहेत. माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ गोपाल-कृष्ण आणि त्यांचे सहकारी पॉल विटा यांनी २००० साली पुढे आणलेल्या संमिश्र स्रोतांचा आहे. त्यांत एक बाजू एफआर-१ सारखी, तर दुसरी एफआर-२ सारखी दिसते. दोन्ही झोतांचे मूळ एकच असल्याने हा फरक केवळ कृष्णविवरावर ढकलता येत नाही. भोवतालच्या वायूचा वाटा मानावाच लागतो.

नकाशा कोणत्या कंप्रतेच्या (फ्रिक्वेन्सीच्या) रेडिओ लहरींचा आहे, हेही पाहावे. उच्च कंप्रतेच्या लहरी देणारे उच्च ऊर्जेचे इलेक्ट्रॉन लवकर ऊर्जा गमावतात, त्यामुळे जुना, पसरलेला भाग उच्च कंप्रतेला हरवतो आणि स्रोताची लांबीच चुकीची मोजली जाते. खोडदच्या जीएमआरटीसारख्या, कमी कंप्रतेवर काम करणाऱ्या दुर्बिणीत तोच भाग पुन्हा दिसू लागतो.